मास्तरांची हलती मान

मास्तर शिंप्याच्या दुकानात कटिंग करायचे. चाळीस वर्षं त्यांची कात्री रेघ सोडून गेली नव्हती. मग त्यांची मान हलू लागली, 'नाही, नाही' म्हटल्यासारखी. शनिवारपर्यंत होईल का, असं विचारणारं गिऱ्हाईक तो नकार समजून निघून जायचं. घरी ते हे हसून सांगत. पुढे हातही थरथरायला लागला, एक बाही वाकडी कापली गेली, आणि हसणं थांबलं.

डोक्यात गाठ तर नाही ना, हे पाहायला डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. चेहऱ्यावर पिंजरा बसवला, फळी आत सरकली, छत नाकाशी आलं. अजिबात हलू नका, असं बजावलं होतं. मास्तरांनी दात आवळले. जितकं आवळावं तितकी मान जास्त हले. आपल्याला खोक्यात घालून वरून कुणी खिळे ठोकतंय, असं त्यांना वाटलं. शेवटी त्यांनी, बाहेर काढा अशी खूण करायला हातात दिलेला रबरी फुगा दाबला. चित्रं निघाली ती धुरकट. दुसऱ्या खेपेलाही तेच. दम्यामुळे डॉक्टर भूल द्यायला धजेनात. मला पुन्हा तिथे नेऊ नकोस, असं ते लेकीला म्हणाले. ती तिसरी तारीख घेऊन आली.

या वेळी मशीनवर एक पोक्त बाई होत्या. त्यांनी आधीची चित्रं पाहिली.

"मास्तर, मान हलली तर हलू द्या, धरून ठेवू नका. मी चित्र पट्ट्यापट्ट्यांनी घेते. डोकं किती सरकलं ते मशीन मोजतं आणि पट्टी जागेवर आणून बसवतं."

"शिवणीवर कापडाचा चौकडा जुळवतो, तसं?"

"तसंच. फक्त कापडच उठून पळालं, तर माझा इलाज नाही."

आत गेल्यावर छत बोटभरही वर सरकलं नव्हतं. मास्तरांनी मान मोकळी सोडली. डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळलं; हात पट्ट्याखाली, पुसणार कसं? अंगठा फुग्यावर टेकलेला होता. बावीस मिनिटं त्यांनी तो दाबला नाही.

चित्रं वाचण्याजोगी आली. गाठ नव्हती. थरथर मात्र पुरती जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्यांनी ती निम्मी झाली. आता ते खुर्चीत बसून नव्या कारागिराला खुणा सांगतात.

त्या मशीनमधून आल्यापासून आंघोळीला जाताना मास्तर आतून कडी लावत नाहीत. लेक बाहेरच असते, हे त्यांना ठाऊक असतं. तरी एकदोनदा हाक मारतात.