चादरीखालचा समुद्र

मिलिंददादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडात प्रेसवर उभी होते. हातात पाणी परिषदेची ताजी पत्रकं, त्यावर वक्ता म्हणून त्यांचंच नाव. पलीकडून वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुझे दादा गेले गं... झोपेतच." पत्रकं पिशवीत कोंबली आणि लातूरची एसटी धरली. पत्रक लिहायला मला दादांनीच शिकवलं. "पहिल्या ओळीत भांडण पाहिजे," म्हणायचे. हा लेख लिहिताना मात्र पहिल्या ओळीपासून माझी मान खाली आहे.

लातुरात दादांना लोक पाण्याच्या आंदोलनामुळे ओळखत. टँकर कुठल्या बंगल्याकडे वळतो, हे ते भर सभेत नाव घेऊन विचारत. पण त्यांच्या घरी आतल्या खोलीत खाऱ्या पाण्याची एक काचेची टाकी होती, आणि माणसं आली की तिच्यावर चादर पडायची. एकदा मी मुक्कामाला असताना आतून गुरगुर ऐकू आली. "फ्रीज बिघडला का दादा?" ते पकडल्यासारखे हसले आणि चादर उचलली. आत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. बाजूला एक उभी नळी, तिच्यात दुधासारखा फेस वर चढत होता. "हे स्किमर. माशांची घाण, उरलेलं खाणं पाण्यात विरघळतं. ही मशीन हवेचे बारीक बुडबुडे सोडती, घाण त्यांना चिकटून वर येती आन् ह्या वाटीत पडती. सडायच्या आधीच बाहेर." वाटीत कोऱ्या चहासारखं, उग्र वासाचं पाणी होतं. "म्हणजे पाणी बदलायलाच नको?" "लागतंय की. ह्याच्यानं सगळं थोडंच निघतंय? पण लई कमी लागतंय. हे नसतं तर टाकी केव्हाच मोडली असती मी." टाकीत भरायचं पाणी शुद्ध करताना फिल्टरमधून वाया जाणारं पाणी दादा फरशीला, संडासला वापरायचे, तरी म्हणाले, "लोक नळाची वाट बघून राहिले, आन् मी घरात समुद्र पाळून राहिलो... कुणाला बोलू नको, पोरी."

मी बोलले नाही. मला ते शहाणपण वाटलं.

दादांच्या जलदान विधीच्या दिवशी घर भरलं होतं, आतली टाकी उघडीच होती. आमच्या आंदोलनाच्या कमिटीतले एक ज्येष्ठ कानाशी येऊन म्हणाले, "पत्रकार येऊन राहिले, ते आतलं झाका." चादर मी टाकली. भाषणात गुरगुर नको म्हणून प्लगही मीच उपटला, स्किमर, पंप, सगळं एकाच बोर्डावर. बुद्धवंदना झाली आणि मग आमचे लोक भाषणं ठोकत सुटले. साधेपणा, त्याग, थेंब न् थेंब... उन्हाळ्याची दुपार, कुणी थांबेना. "दादांना कसलाही शौक नव्हता," असं एक जण म्हणाला, तशा वहिनी उठल्या. आत गेल्या, चादर ओढून काढली. मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडांची उघडझाप करत होते.

"प्लग कुणी काढला?"

मी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"लाव. पाण्यातली हवा सरली की ते गुदमरतेत." मग बाहेर बघून, "तुमचं चालू द्या. ह्यांचं बी चालू द्या."

मासे वाचले. भाषण पुढे सरकलं नाही. निघताना वहिनी म्हणाल्या, "पुढची बैठक इथंच घ्या, ह्याच खोलीत. चादर मी बोहारणीला देऊन टाकणार हाय."

ती बैठक मागच्या आठवड्यात झाली. वस्तीतल्या अनुसयाबाई, ज्यांच्या गल्लीच्या नळासाठी दादा भांडले, थेट टाकीपुढेच मांडी घालून बसल्या. "हे काय हाय गं?" मी स्किमर समजावला, तो चालू असला तरी पाणी किती बदलावं लागतं, फिल्टरमधून किती वाया जातं, सगळं सांगितलं.

"ते न्हाई इचारलं. मासे कशापायी?"

"दादांना आवडायचे."

"मग कधी दावले न्हाईत ते? म्या नातवंडं घिऊन आले असते की बघायला." त्यांनी काचेवर बोट टेकवलं, दोन्ही मासे बोटाशी आले. "एवढा कलेक्टरला न भेणारा माणूस... लाजत व्हता कुणाला?"

खोलीत आमची सगळी कमिटी बसली होती. कुणी वर बघेना.

"आम्हाला," मी म्हणाले.