ताम्हणातला पोहणारा

विद्यापीठात मी जेलचे मऊ तुकडे बनवते. स्पिरिटमध्ये भिजवून पाण्यावर सोडले की ते आपोआप पळतात. मोटर नाही, सेल नाही. ब्रह्मा घाटावरच्या घरी बाबांना दाखवायला एक आणला आणि हाताशी आलं त्या ताम्हणात पाणी घालून सोडला. तुकडा सर्रकन या काठावरून त्या काठाला गेला. पूजा आटोपलेले बाबा सोवळ्यातच उकिडवे बसले.

“चालतो कशावर गं हा?”

मी जीभ चावली. भटजींचं घर, त्यात पूजेचं ताम्हण!

“स्पिरिटवर. म्हणजे... दारूचा सख्खा भाऊ.”

 बाबा खो खो हसत सुटले.

“पिऊन इतका सरळ जाणारा जन्मात पहिलाच पाहिला!”

एवढ्यात तुकडा मंदावला, थांबला. बाबांचा चेहरा पडला.

“अगं, बघतेस काय? पाज त्याला अजून थोडी.”