शेवटच्या शिट्टीपर्यंत

रग्बीकाका मॅच संपायच्या आत कधी उठत नसत. फोन वाजो, दारात पाहुणे येवोत, त्यांची टीम चाळीस गुणांनी मागे असो, शेवटची शिट्टी होईपर्यंत काका सोफ्यावरून हलायचे नाहीत. कॅनडात, व्हिटबीतल्या त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहायचे. आमच्या ओळखीतल्या झाडून सगळ्या मराठी माणसांना क्रिकेटचं वेड आणि या गृहस्थांना रग्बीचं, म्हणून हे नाव पडलेलं.

काका मूळचे पुण्याचे, भुलीचे डॉक्टर. इथे येण्याआधी काही वर्षं वेल्समधल्या एका छोट्या गावी हॉस्पिटलात होते. तिथून येताना त्यांनी एक लाल मफलर आणि एक हरणारी टीम तेवढी आणली, असं काकू म्हणायच्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये युरोपातल्या सहा देशांची रग्बीची स्पर्धा असते. इथे त्या मॅचेस शनिवारी सकाळपासून लागतात. काकू पोहे करायच्या, मला वरून हाक मारायच्या. परदेशात मला हक्काने हाक मारणारं तेवढं एकच घर होतं. मग टीव्हीकडे बघत दर वर्षी न चुकता विचारायच्या, "यात आपले कोणते?"

"लाल."

"म्हणजे हरणारे."

शेवटच्या नंबराच्या टीमला चेष्टेत लाकडी चमचा मिळाला म्हणतात. काकू म्हणायच्या, "माझ्याकडे ढीगभर पडलेत, द्या कुरियरने पाठवून."

एकदा मॅच इतकी एकतर्फी झाली की मीच कंटाळले. "काका, बंद करू का? इट्स ओव्हर."

"जिंकणाऱ्यांपाशी गर्दी असतेच गं," ते म्हणाले. "हरणाऱ्यापाशी कोणीतरी शेवटपर्यंत बसायला पाहिजे. मी जन्मभर तेच केलं. कापणारे सर्जन हात धुवून निघून जायचे, मी पेशंटच्या उशाशी बसून राहायचो." एवढं बोलून ते पुन्हा पोह्यांकडे वळले.

मग एका वर्षी वेल्स एकामागून एक मॅचेस हरत होतं आणि काकू हॉस्पिटलात होत्या. सीझन सुरू झाला तेव्हा स्वतःच्या पायांनी चालत गेल्या होत्या. मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, आता फक्त दुखणार नाही एवढंच बघायचं. काका दिवसभर तिथेच. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचे, डबा न्यायचे, तसाच परत आणायचे. दोघांवर माझा जीव होता, तरी आत काही हलत नव्हतं. दात काढून आल्यावर बधिर गालाचं होतं तसं, आपलाच असून लागत नाही.

शेवटची मॅच इंग्लंडशी होती. आदल्या दिवशी काकांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "वर जाऊन टीव्ही लाव उद्या. मला इथून उठता येणार नाही. दोन्हीकडे एकटा कसा बसू?"

मी नाही म्हटलं नाही. खरं तर रग्बीतलं मला आजही ओ की ठो कळत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांच्या सोफ्यावर एकटीच बसले. लाल टीम सपाटून मार खात होती. उत्तरार्ध चालू असताना फोन आला.

"गेली," काका म्हणाले.

"मी निघते, काका."

"मॅच संपली?"

"नाही. थोडी राहिलीये."

"मग बस. इथे आता घाई नाही."

मी बसले. रडू आलं नाही. पडद्यावर माणसं धावत होती, पडत होती, परत उठत होती. शिट्टी झाली तसा टीव्ही बंद केला, बूट घातले, गाडीवरचा बर्फ काढला आणि गेले.

काका काकूंच्या उशाशी खुर्ची ओढून बसले होते, गळ्यात लाल मफलर. वर न बघता त्यांनी विचारलं, "कितीने हरलो?"

"माहीत नाही, काका. माझं लक्षच नव्हतं. नुसती बसले होते."

"बसायलाच पाठवलं होतं."

शेजारच्या खुर्चीवरची काकूंची शाल त्यांनी उचलून आपल्या मांडीवर घेतली. मी त्या खुर्चीत बसले.