सफाचट

ख्रिस्ती देवळातली सगळी मंडळी त्यांना पार्लरमावशी म्हणायची. नवरा गेल्यावर मावशींनी घराच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची आणि दोन आरसे मांडले आणि त्यावर लेकीला वाढवलं. हात हलका, पण जीभ भलतीच धारदार. गिऱ्हाइकाने उगाच हुज्जत घातली तर अर्धे कापलेले केस तसेच ठेवून चहाला उठायच्या.

मंडळीतल्या काही जणांनी परदेशातल्या एका अनाथाश्रमात सेवेला जायचं ठरलं, तेव्हा देवळाच्या पाळकसाहेबांनी त्यात मावशींचं नाव घातलं. मुलांचे केस कापायला कुणीतरी हवंच होतं. बॅग भरताना लेक म्हणाली, "आई, तिकडे जरा तोंड आवर हं."

"मग ते इथेच ठेवून जाते. सांभाळशील?"

पहिल्याच सकाळी आश्रमाच्या मागच्या अंगणात नळाशेजारी खुर्ची मांडलेली होती. मुली ओळीने उभ्या होत्या. अधीक्षकबाईंनी मावशींच्या हातात केस कापायचं मशीन दिलं आणि काहीतरी सांगितलं. पाळकसाहेबांना ती भाषा येत होती. ते म्हणाले, "उवा झाल्यात. सगळ्यांची डोकी सफाचट करायची. दरवर्षी करतात."

पहिली मुलगी खुर्चीत बसली. डोळे घट्ट मिटलेले, मान खांद्यात गेलेली, आता फटका बसणार अशी. मशीनचा आवाज झाला तशी तिने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मावशींनी मशीन बंद केलं.

"हिला कुणी विचारलं का?"

"ताई, स्वच्छतेचा प्रश्न आहे."

"माझ्या लेकीला शाळेत उवा झाल्या होत्या. मी नाही केला तिचा गोटा. तुमच्या नातीला झाल्या तर तुम्ही कराल?"

पाळकसाहेबांनी ते बाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं. अधीक्षकबाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांचंही चूक नव्हतं. एवढ्या मुलींना मिळून सांभाळणाऱ्या बाया दोनच. एकेक डोकं विंचरत बसायला वेळ कुणाला?

"मला आहे," मावशी म्हणाल्या. "त्याचसाठी आलेय ना मी?"

"आपण पाहुणे आहोत, ताई. आणि दुपारी मुलांबरोबर गाणी आहेत."

"गाणी तुम्ही म्हणा."

अधीक्षकबाईंनी शेवटी रविवारपर्यंत मुदत दिली. मावशींनी बाजारातून बारीक दातांच्या फण्या आणि तेल आणलं, बाह्या सरसावल्या आणि पायरीवर ठाण मांडलं. सकाळपासून दिवे लागेपर्यंत एकच काम. बोटं आखडली, पाठीचा काटा ढिला झाला. बरोबरच्या बायकांनी आधी नाकं मुरडली. मग एक येऊन बसली, तिच्यामागून दुसरी. भाषा येत नव्हती, पण लीख सापडली की मुली खिदळायच्या, त्याला भाषा कशाला लागते?

शनिवारी सगळ्यांत मोठी मुलगी आली. कमरेपर्यंत केस, त्यांचा घट्ट गुंता. तिने मशीनकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या कपाळापासून मानेपर्यंत हात फिरवला. सगळे काढा.

पाळकसाहेबांना हसू आलं. "बघा ताई, हिला तर हवंच आहे!"

"नीट विचारा तिला. आणि घाई करू नका."

त्यांनी विचारलं. मुलीने ताठ मानेने उत्तर दिलं. पाळकसाहेबांचं हसू विरलं. "म्हणते, माझे केस आहेत, मला नकोत. आणि कारण विचारायचं नाही."

मावशींनी कारण विचारलं नाही. मशीन लावलं आणि सावकाश, कानामागे बोट धरून, सगळं डोकं साफ केलं. अधीक्षकबाई धावत आल्या. इतके दिवस भांडलात ते कशासाठी, असं त्या तावातावाने विचारत होत्या, ते मावशींना पाळकसाहेबांनी न सांगताही कळलं.

"त्यांना सांगा, बाकीच्या नको म्हणाल्या म्हणून ठेवले. ही हवं म्हणाली म्हणून काढले. यात न कळण्यासारखं काय आहे?"

मुलगी उठली. खाली पडलेल्या केसांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. डोक्यावरून तळवा फिरवत, मोठमोठ्या ढांगा टाकत ती अंगणभर फिरली.

रविवारी तपासणीत दोन मुलींच्या डोक्यात उवा निघाल्याच. अधीक्षकबाईंनी मशीन उचललं. मावशी दोघींना घेऊन पायरीवर बसल्या आणि निरोपाच्या प्रार्थनेलाही उठल्या नाहीत. बस हॉर्न वाजवत राहिली. शेवटी फण्या मोठ्या मुलींच्या हातात देऊन त्या निघाल्या. त्या दोघींचं पुढे काय झालं, ते त्यांना कळलं नाही. 

घरी आल्यावर मंडळीच्या पंचांनी त्यांना बोलावलं. अधीक्षकबाईंची माफी मागा, नाहीतर पुढच्या वेळी नाव नाही.

"बाईंशी चढ्या आवाजात बोलले, त्याची मागेन," मावशी म्हणाल्या. "डोकी वाचवली त्याची नाही मागणार."

नाव गळालं. पुढच्या वर्षी मावशींनी पार्लर बंद ठेवलं आणि लेकीला घेऊन त्या आपल्या आपणच गेल्या. अधीक्षकबाईंनी फाटक उघडलं, दोघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हसल्या काही नाहीत, पण आतून स्वतःच खुर्ची आणून नळाशेजारी ठेवली. मग पहिल्या मुलीपुढे वाकून त्यांनी तिला काहीतरी विचारलं आणि तिच्या उत्तराची वाट बघत थांबल्या.