आरसा मागणारा माणूस

ती केस माझ्या डोक्यातून आजही गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आता त्यांचे तपशील एकमेकांत मिसळतात. ही साधी जबरी चोरी मात्र जशीच्या तशी आठवते. कारण तिच्यात मी चुकलो होतो.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी लोणार भागातल्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. अंगावर नवी वर्दी आणि डोक्यात नवी मस्ती. एके दिवशी भरदुपारी शेतात काम करणाऱ्या एका बाईच्या डोक्यात काठी घालून कोणीतरी तिच्या गळ्यातली चांदीची सरी ओढून नेली. बाई एकटीच राहायची, मागेपुढे कोणी नाही. बेशुद्ध होण्याआधी ती एवढंच बोलली, "लांब केसाचा होता, मोठ्या मिशाचा." तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात हलवलं. डॉक्टरांनी बजावलं, आठ दिवस तिचा जबाब घ्यायचा नाही.

शेजारच्या मळ्याचा राखणदार लांब केसांचा, झुपकेदार मिशांचा. रक्त लागलेली काठीही त्याचीच निघाली. झालं! आमच्या जमादारांनी संध्याकाळच्या आत त्याला आणून लॉकअपमध्ये घातलं. काठी मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, विसरली होती, असं तो सांगत होता. तसं सगळेच सांगतात. गावानं तर निकाल देऊनच टाकला होता.

एक गोष्ट मला टोचत होती. आत बसलेला माणूस सहसा विचारतो, बाईनं जबाब दिला का, कोणाचं नाव घेतलं का. हा रोज सकाळी गज धरून विचारायचा, "साहेब, बाईच्या बकरीचं दूध कोन काढून राह्यलं?"

एकदा मी खेकसलो, "तुले काय करायचं बे बकरीचं?"

"पिल्लू लहान हाय तिचं, साहेब. बाई मले भाऊ म्हनते."

"नाटकं हायेत सारे," जमादार म्हणाले. वीस वर्षं नोकरी झालेला माणूस! त्यांच्यापुढे मी माझी शंका गिळून टाकली.

पाचव्या दिवशी कागद तयार झाले. कोर्टानं दिलेली पोलीस कोठडी संपत होती; दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा मेहकरला कोर्टासमोर उभं करून जेलमध्ये पाठवायचं होतं. जेलमधून आलेल्या माणसाच्या भरवशावर मळा कोण टाकणार? त्याचा जन्म वाया जाणार होता, आणि फक्त माझी सही राहिली होती.

तेवढ्यात एक म्हातारा न्हावी धोकटी काखेत मारून, धापा टाकत ठाण्यात आला. हा लोणारच्या धार नावाच्या झऱ्यापाशी बसायचा. घरचं माणूस गेलं की लोक दहाव्याला तिथं येतात, डोकं आणि मिशा उतरवतात, धारेखाली आंघोळ करतात. त्याची हयात तेच काम करण्यात गेली होती.

"साहेब, एका गिऱ्हाइकाचं मले काही बरोबर वाटून नाही राह्यलं."

"का, पैसे बुडवले?"

"पैसे तं देल्ले. बाप मेला म्हने. लांब केस होते, मिशा होत्या, सारं उतरवलं. मंग त्यानं आरसा मांगतला."

जमादार खो खो हसले. मलाही हसू आवरेना. "आरसा मागितला म्हणून धरू का त्याला, बाबा?"

म्हातारा भडकला. "हसा, साहेब! चाळीस वर्सं झाले मले तिथं. बाप मेलेला मानूस खाली मान घालून बसते अन् उठून सीदा पान्यात जाते. आरसा कोनी म्हनून कोनी मांगत नाही. यानं इकून पाह्यलं, तिकून पाह्यलं, अन् हसला. येष्टीवर गेला हाय. मी धंदा सोडून आलो, तुमी बसा हसत!"

तो पाठ फिरवून निघाला आणि मला एकदम बकरी आठवली. माझ्या मनात पाच दिवस जे टोचत होतं, तसलंच काहीतरी या म्हाताऱ्याला टोचलं होतं. मी टोपी उचलली.

गाडी सुटण्याच्या बेतात होती. खिडकीपाशी बसलेल्या त्या माणसाचा चेहरा उन्हानं रापलेला, डोकं आणि ओठावरची पट्टी मात्र पांढरीफटक. मी शेजारी बसलो. "बाप कशानं गेला?"

"तापानं," तो मान खाली घालून म्हणाला.

"दहाव्याला एकटाच आलास? भावकी कुठंय?"

"मांगून येऊन राह्यली."

त्याला ठाण्यात आणलं. पंच येईपर्यंत मी त्याला हातही लावला नाही. चहा पाजला, कपाशीच्या गप्पा मारल्या. तो सैलावला तेव्हा मध्येच विचारलं, "बाप पडला कुठून म्हणालास?"

"चिंचेवरून, साहेब."

जमादारांनी हातातला कप खाली ठेवला. खरा बाप एकदाच मरतो. पंचांसमोर गाठोडं सोडलं, तर धोतराच्या घडीत सरी होती. मग तो भडाभडा बोलला. काठी कुठली, विचारल्यावर म्हणाला, "मेरेवर पडेल होती." राखणदारानंही मेरेवरच सांगितली होती. मला लाज वाटली.

कोर्टाला रिपोर्ट गेला. लॉकअप उघडून मी राखणदाराला म्हणालो, "जा, सुटलास."

तो जागचा हलेना. "बाईले कोनं सांगतलं का, मी नव्हतो म्हनून?"

"सांगू."

"तुमीच सांगा, साहेब. नाही तं तिच्या मनात राहून जाईन."

त्याला घेऊन मी बुलढाण्याला गेलो. जबाब घ्यायचा नाही या अटीवर डॉक्टरांनी भेटू दिलं. बाई डोक्याला पट्टी बांधून खाटेवर बसली होती. मी सगळं सांगितलं. ती माझ्याकडे पाहतच राहिली.

"याले धरलं होतं? काऊन? मोठ्या मिशाचा मानूस, असं सांगतलं म्या. हा असता तं नावच नसतं का सांगतलं? रोज याले भाकर देते मी!"

रोजच्या माणसाचं वर्णन कोणी करत नाही, नाव घेतं. 'बाई मले भाऊ म्हनते' हे राखणदारानं सांगितल्यापासून मला टोचत होतं ते हेच, पण जमादारांचं वजन आणि गावाचा गलका यांत मी नीट विचारच केला नाही. न्हाव्यानं मनात आलेलं तपासायला हातचं गिऱ्हाईक सोडलं, लोक हसले तरी सांगून टाकलं. मी वर्दीतला माणूस, मला ते जमलं नाही. पुढे रिटायर होईपर्यंत, मनात काही खटकलं की मी सही करण्याआधी थांबायचो. वरून बोलणी खाल्ली, पण थांबलो. खटकणं म्हणजे पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. पण पुरावा कुठं शोधायचा, ते त्यातूनच कळतं.

त्या दिवशी दवाखान्यात बाईनं मग माझ्याकडे पाहिलंच नाही. तिनं राखणदाराला विचारलं, "माझ्या बकरीचं दूध कोन काढून राह्यलं रे?"

तो माझ्याकडे पाहू लागला. पाच दिवस तो हेच विचारत होता. आणि मी एक शिपाईसुद्धा पाहायला पाठवला नव्हता.