काताईची बोटं का निवली

माझ्या थोरल्या जावेला सगळे काताई म्हणतात. "का?" विचारल्याशिवाय ती पाणीसुद्धा पीत नाही, म्हणून हे नाव माहेरीच पडलं आणि लग्नानंतर तिच्यामागोमाग आमच्याकडे आलं. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा तिचा धंदा, पुढच्या खोलीत दुकान. टाका सुटतो म्हणून कोणी मशीन आणलं, की ही आधी आणणाऱ्या बाईलाच तपासते: कापड कुठलं होतं, सुई कधी बदलली, मध्येच कापड ओढता का. गिऱ्हाईक वैतागतं, पण तेच मशीन पुन्हा दुरुस्तीला येत नाही.

तिला आमवात आहे. म्हातारपणीची सांधेदुखी नव्हे. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, तो. विशीतच जडला. सकाळी मूठ मिटत नाही. गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसावं लागतं, मगच पेचकस धरता येतो.

मूल हवं असं दोघांनी ठरवलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिची जोरदार गोळी आधी बंद केली, कारण ती गर्भाला चालत नाही. दुसरी सौम्य गोळी देऊन काही महिने थांबायला सांगितलं. ते महिने काताईने दात आवळून काढले.

मग एका सकाळी ती माझ्या दारात उभी. हातात गंजलेला स्क्रू. गरम पाणी न घेताच निघाला, म्हणाली, आणि हात दुखत का नाहीत? मी म्हटलं, दुखत नाहीत ना, मग उकरून कशाला काढतेस. पण ऐकेल तर ती काताई कसली! औषध तेच, हवा तीच, काम तेच. बोटांची उघडझाप करत ती विचार करत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की पाळी लांबली आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुष्कळजणींचं असं होतं. दिवस गेले की शरीर आपला पहारा जरा सैल करतं आणि सांधे निवतात. काताईला याचं केवढं नवल! डोळ्यांना दिसणार नाही एवढा तो जीव, आणि आईच्या बोटांची सूज उतरवतो म्हणजे काय! तिचे यजमान, म्हणजे माझे मोठे भावोजी, बेकरीत भट्टीवर असतात, मुळात अबोल. तेही त्या दिवसांत शीळ घालत घरी येत.

तिसरा महिना लागायच्या आत रक्त जायला लागलं. सोनोग्राफीत ठोके नव्हते. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.

सासूबाई म्हणाल्या, जड मशीन उचलायला नको होतं. शेजारीण म्हणाली, दुखणाईत बाईला झेपलं नसतं, झालं ते बरंच झालं. काताईने कोणालाच उलट काही विचारलं नाही. आम्हाला धास्ती वाटली ती त्याचीच.

काही आठवड्यांनी बोटं पुन्हा सुजली. हात मागे नेता येईना, म्हणून मी तिची वेणी घालायला बसले होते. ती म्हणाली, "सोनोग्राफी बघून मला खरं वाटलं नव्हतं गं. आज हात दुखायला लागले, तेव्हा पटलं."

वेणी सैलच झाली.

पुढच्या तपासणीला भावोजी सोबत गेले. तिथे काय झालं ते त्यांनीच नंतर सांगितलं. काताई खाली मान घालून बसली होती. जन्मात कोणाला प्रश्न न विचारलेले भावोजी म्हणाले, "हिच्या मनातलं मी विचारतो. हिच्यामुळे झालं का?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मशीन उचलल्याने नाही, आताच्या गोळीनेही नाही. आजाराने धोका थोडा वाढतो, हे खरं. पण इतक्या लवकर जाणारे गर्भ बहुतेकदा मुळातच नीट जुळलेले नसतात. हिच्या बाबतीत नेमकं काय घडलं, ते खात्रीने सांगता येणार नाही.

काताईने मान वर केली. "मग हात का बरे झाले होते?"

"तेही अजून कोणाला पुरतं कळलेलं नाही."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?"

"नाही."

तिथे ती पहिल्यांदा पोटभर रडली. आणि नाक पुसता पुसता पुढचा प्रश्न विचारला, मग त्याच्या पुढचा. बाहेर बसलेले पेशंट खोळंबले.

घरी सासूबाई लसूण सोलत होत्या. काताई त्यांच्यासमोर बसली आणि मशीन उचलल्याने गर्भ जातो हे तुम्हाला कोणी सांगितलं, असं शांतपणे विचारलं. सासूबाईंचे हात थांबले.

"माझ्या सासूने," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याच्या आधी माझंही एक गेलं. मी पाण्याची बादली उचलली होती."

घरात कोणालाच हे ठाऊक नव्हतं. काताईने डॉक्टरीणबाईंचं म्हणणं त्यांना पहिल्यापासून सांगितलं, दोनदा सांगितलं. लसूण तसाच पडून राहिला.

आधी हात सावरायचे असं ठरलं. जोरदार गोळी पुन्हा सुरू झाली, म्हणजे तोवर मुलाचा विचार बंद. पहिली गोळी तिने बराच वेळ तळहातावर धरून ठेवली होती. वर्षभरात हात कामाला आले. गेल्या महिन्यात, दोघांनी डॉक्टरीणबाईंशी बोलून, ती गोळी परत थांबवली आहे. सूज चढते आहे. भावोजी भट्टीवर जाण्याआधी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं सैल करून ठेवतात, आणि साखरेला मुंग्या लागतात त्याचं काय, म्हणून काताई मला विचारते.