ओठाआडची हिरडी

खालच्या पुढच्या दातांवरून माझी हिरडी इतकी उतरली होती, की माठातल्या पाण्याचा घोट मुळांना सुईसारखा टोचे. आमच्या कवठे येमाईच्या घरात यावर एकच उपाय चालत आलेला: दात काढा, कवळी बसवा. सासूबाईंची कवळी देवळीतल्या वाटीत, पाण्याखाली, कुणाकडेही न पाहता हसत असे. मला माझे हसू माझ्याच तोंडात हवे होते.

दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या टाळूची पातळ साल काढून हिरडीवर शिवली. ती आधी पांढरी पडेल, घाबरू नका, असे त्यांनी सांगितले होते. मात्र ओठ ओढून पाहायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही. टाके सुटले तर काही रुजणार नाही.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायचे म्हणजे जखम पाहायची. बायका बिस्किटांचे पुडे घेऊन येत, ओठाकडे टक लावून बसत. मी मानेनेच नकार देई. शिष्ट ठरले.

एकदा गार पेज गिळताना ओठ जरा कलला आणि थोरल्या जाऊबाईंना ते पांढरे दिसले.

"सडलं की गं हे. कर ओठ खाली, बघू दे."

मिशरीचा जळका वास असलेली त्यांची बोटे हनुवटीपाशी आली. मी मनगट धरले.

"हात लावायचा नाही, ताई."

"आगं, मी काय खातीया व्हय तुझी हिरडी?"

त्यांनी हात मागे घेईपर्यंत मनगट मी सोडले नाही. त्या फणकाऱ्याने उठल्या आणि घरभर सांगत सुटल्या, की हिलाबी कवळीच बसणार. मला भीती वाटत होतीच. टाळूला तांब्याच्या भांड्याची चव होती. जीभ सारखी त्या शिवणीकडे ओढ घेई. मी जिभेलाही जाऊ दिले नाही.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी स्वतः ओठ उतरवला, हाती आरसा दिला. एका दाताचे मूळ अजून थोडे उघडे होते. बाकी सारी हिरडी कोवळ्या डाळिंबाच्या दाण्यासारखी, फिकट गुलाबी, जिवंत.

घरी जाऊबाई उंबऱ्यातच होत्या, बोटावर मिशरी.

"आता तरी दाखव."

"नाही," मी म्हणाले, आणि हसले. त्या हसण्यात हिरडी जेवढी दिसली, तेवढीच त्यांना पाहू दिली.